माठाखालच्या दोन बाटल्या

पांढऱ्या गाडीला काळा बंपर मला बघवत नव्हता. गाडी जुनीच घेतलेली, पण इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, आतलं सीट कव्हरसुद्धा बरं. तेवढा पुढचा बंपर उन्हानं राखाडी पडलेला आणि मधोमध नंबरप्लेटच्या खाचेत चार भोकं. पुण्यात एका गाडीला अंगाच्याच रंगाचा, गुळगुळीत, कुठं सांधा नाही असा बंपर बघितला आणि माझं डोकं फिरलं. मला तसाच पाहिजे होता. तोही गॅरेजवाल्याकडून नको, स्वतःच्या हातानं केलेला. या हौसेपायी एका दुपारी मी माझ्या वडिलांचा डोळा घालवायला निघालो होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी कामाचं कौतुक करायला लागलो तर तुम्हाला माझा राग येत राहील. यावाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. बारामतीला कालव्याच्या अलीकडं आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढं पत्र्याची शेड. आई जाऊन तीन वर्षं झालेली, माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळं घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंच. मी एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवायच्या एका कारखान्यात होतो. बंपर करायची अक्कल मला तिथूनच आलेली. अक्कल म्हणजे अर्धीच.

फायबरचं काम ज्यानं बघितलं नसेल त्याच्यासाठी सांगतो. रेझिन म्हणून एक पातळ काकवीसारखं असतं. ते काचेच्या तंतूंच्या कापडावर ब्रशनं चोपडायचं. नुसतं चोपडलं तर ते वर्षभर तसंच चिकट राहील. त्यात हार्डनर म्हणून पाण्यासारखं दिसणारं एक औषध थेंबाथेंबानं मिसळावं लागतं. ते पडलं की रेझिन आतून तापतं आणि अर्ध्या-पाऊण तासात दगडासारखं होतं. थेंब कमी पडले तर काम ओलं राहतं, जास्त पडले तर तडकतं. आणि तो थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. हे मला नुसतं सांगितलेलं नव्हतं, मी बघितलं होतं. आमच्याच शेडमधल्या एका कामगाराच्या डोळ्यात ते उडालं होतं. पुढं तो परत कामावर आला तेव्हा त्याचं एक बुबुळ शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखं पांढरं झालेलं. जेवणाच्या सुट्टीत तो समोर बसला की मी डब्यात बघून जेवायचो.

म्हणजे मला माहीत होतं, हे लक्षात घ्या. अडाणीपणानं झालं असतं तर मी आज एवढा चडफडलो नसतो.

त्या चैत्रात आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शिबिरात झालं आणि चांगलं झालं. पट्टी काढल्यावर आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून तारीख वाचली आणि मग उगाच खोकत बसले. डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होताच, त्यामुळं सगळी भिस्त त्या एका उजव्यावर. डोळ्यात दिवसातून तीनदा औषध टाकायचं, सकाळी आठला, दुपारी दोनला आणि रात्री आठला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सकाळचं आणि रात्रीचं मी टाकायचो. दुपारी मी कामावर, म्हणून ते स्वतःच टाकायचे. घड्याळाच्या बाबतीत आबा फार कडक. दोन म्हणजे दोन. मी गमतीनं म्हणायचो, "आबा, दोनला दोन मिनिटं कमी असताना टाकलं तर डोळा काय परत घेणार हाय व्हय डॉक्टर?" त्यावर ते म्हणायचे, "सांगितलंय त्येवढं करावं मानसानं."

औषध थंड जागी ठेवा, असंही डॉक्टर म्हणाले होते. आमच्याकडं फ्रीज नव्हता. थंड जागा म्हणजे माठाखालची वाळू. एका घमेल्यात वाळू, तिच्यावर माठ, माठ पाझरायचा आणि वाळू कायम ओली. तिथं लिंबं राहायची, कोथिंबीर राहायची, पूर्वी म्हैस होती तेव्हा तिची इंजेक्शनंही तिथंच राहायची. डोळ्याच्या औषधाची बाटलीही तिथंच गेली. दोन दिवसांत ओलीनं तिचं लेबल सुटून पडलं. त्यात काय, एकच तर बाटली होती.

शिबिरातली पहिली बाटली संपली तेव्हा ती मी फेकली नाही. इथून माझं शहाणपण सुरू होतं. छोटी, मऊ प्लास्टिकची, दाबलं की नेमका एक थेंब टाकणारी बाटली. हार्डनर मोजायला याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार? कारखान्यात आम्ही झाकणानं मोजायचो, पण बंपरसाठी वाटीभर रेझिनला झाकण मोठं पडतं. मी ती बाटली धुतली, वाळवली आणि कारखान्याच्या स्टोअरमधून थोडं हार्डनर मागून आणलं होतं ते तिच्यात भरलं. हार्डनरही थंड जागी ठेवायचं असतं. मग मी तेही माठाखालच्या वाळूत ठेवलं. आबांच्या नव्या बाटलीशेजारी. तीही तसलीच, तिचंही लेबल ओलीनं गेलेलं.

अगदीच बेअक्कल नव्हतो, खूण केली. माझ्या बाटलीच्या गळ्याला पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारली. माझ्या हिशोबानं दोरा म्हणजे हिला हात लावू नका. पण ते आबांना सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जहर हाय तर माठाखाली कशाला ठेवलंस. मला तेव्हा कुणी बोललेलं सोसायचं नाही, म्हणून कदाचित मुद्दामच राहून गेलं असेल.

बंपरसाठी मी दोन दिवस रजा टाकली. आदल्या दिवशी संध्याकाळी बंपर खोलून शेडमध्ये दोन डब्यांवर आडवा ठेवला. त्याच वेळी आबांनी विषय काढला. इंदापूरच्या पुढं बावड्याला त्यांची थोरली बहीण होती, माझी आत्या. आबा तिला आक्का म्हणायचे. दोन वर्षं दोघं भेटत होते, पण आबांना ती नुसती आकारानं दिसायची.

"आक्काचं त्वांड बघून यावं म्हणतोय," आबा म्हणाले. "नवा डोळा मिळालाय तर पयलं तिला बघतो. उद्या सोडतोस का गाडीनं?"

"गाडी न्हाय निघायची, आबा. बंपर काढलाय."

"बंपराबिगर चालत न्हाय व्हय ती?"

"चालती. पण लोक हसतील की."

"हसू दे. मला कुठं एवढं लांबचं दिसतंय."

मी हसलो आणि तरीही नाही म्हणालो. दोन दिवस थांबा, नायतर एसटीनं जावा, असं म्हणालो. आबा थांबणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या इंदापूर गाडीनं ते निघाले. निघताना स्वयंपाकघरात गेले, माठाखाली हात घातला, बाटली सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली, काळा चष्मा चढवला आणि काठी घेऊन चालू लागले. मी शेडमध्ये बंपर घासत होतो. "जातो रं," म्हणाले. मी मान वर न करता "व्हय" म्हणालो.

काम मात्र झकास चाललं होतं. आधी ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळी चकाकी मारली, कारण गुळगुळीत प्लास्टिकला रेझिन धरत नाही. मग करवतीच्या पात्यानं खाचेत आडवेउभे ओरखडे काढले, थिनरनं पुसून घेतलं. घासताना पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या जागी खड्डे पडतात, म्हणून जुन्या स्लीपरचा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळला होता. ही युक्ती सगळे पेंटर वापरतात. उंचसखल बघायचं ते डोळे मिटून, तळहात फिरवून. रंग लागल्यावर जी लाट दिसणार असते ती तळहाताला आधीच कळते. मी एवढा रमलो होतो की कालव्यावरून जाणारी माणसं काय बोलतात तेही ऐकू येत नव्हतं.

अकराच्या सुमाराला खाच भरायला घेतली. वाटीभर रेझिन काढलं, आत जाऊन माठाखालून बाटली आणली. बाटलीला दोरा नव्हता. मला ते दिसलं. दिसून मी म्हणालो, सुटला असेल ओलीनं. एवढंच. वाळूत बोट घालून दुसरी बाटली आहे का, कुठली आहे, हे मी बघितलं नाही. हात बरबटलेले होते आणि मला घाई होती. कसली घाई? बंपर काय कुठं पळून चालला होता?

वीस थेंब टाकले, ढवळलं, कापडाचे तुकडे खाचेत बसवून ब्रशनं भरले. हात धुऊन भाकरी खाल्ली. पाऊण तासानं येऊन बघतो तर जसंच्या तसं चिकट. चैत्रातलं ऊन, पत्र्याची शेड, एवढ्यात तर ते कडक होऊन वर पापड धरायला पाहिजे होता. मला राग आला. रेझिन जुनं दिलं, म्हणून मी स्टोअरवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. वाटीत उरलेल्यात आणखी वीस थेंब टाकले आणि वाटी हातात धरून बसलो. हार्डनर पडलं की वाटी गरम होते. वाटी गारच.

तेव्हा मी बाटली नाकाशी नेली. हार्डनरला एक आंबूस, झणझणीत वास असतो, नाकात लगेच चढतो. याला काहीच वास नव्हता. मी थेंबभर बोटावर घेऊन चोळला. पाणी.

मी आत पळालो, माठ दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि घमेलं जमिनीवर पालथं केलं. वाळू, तीन लिंबं, कोथिंबिरीच्या काड्या. दुसरी बाटली नव्हती. तरी मी ती वाळू चिवडत बसलो, दोन-तीन मिनिटं तरी. बाटली कुठं आहे हे मला माहीत होतं. ती आबांच्या सदऱ्याच्या खिशात होती आणि भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला वीस मिनिटं कमी होती.

दोनला आबा ती डोळ्यात टाकणार होते. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, त्याचा नंबर माझ्याकडं होता. फिरवला. रेकॉर्डवरची बाई हिंदीत म्हणाली की या मार्गावरच्या सगळ्या लाईन व्यस्त आहेत. परत फिरवला. परत तीच. बूथवाला म्हणाला, "दुपारचं असंच असतं, थांबा जरा." मी त्याच्यावर असा काही खेकसलो की तो खुर्ची मागं सरकवून बसला. दहा मिनिटं त्या बाईनं खाल्ली. त्या दहा मिनिटांचा हिशोब मी आजवर करतोय.

मग गाडी काढली. बंपर नसलेली गाडी. पुढच्या वायरी लोंबत होत्या, आतलं लोखंड उघडं पडलेलं, दात काढलेल्या म्हातारीच्या तोंडासारखं. जी गाडी आदल्या दिवशी लोक हसतील म्हणून काढली नव्हती, तीच घेऊन मी भर दुपारी बारामतीतून निघालो. कुणी हसलं असेल तर मला माहीत नाही. हाताला रेझिन लागलेलं होतं, स्टेअरिंग चिकटत होतं. खरं औषध, त्यातले चाळीस थेंब मी वाया घालवलेले, माझ्या खिशात होतं.

भवानीनगरच्या अलीकडं उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, रस्ताभर डुलत चाललेल्या. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो. एका ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, गाडीच्या तोंडाकडं बघितलं आणि निवांत मधूनच चालवत राहिला. त्याला काय ठाऊक? मी काचेतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "आरं माझ्या बापाचा डोळा चाललाय!" त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, पण त्यानं बाजू दिली.

गाडी चालवताना माणूस खूप हिशोब करतो. एसटी उशिरा पोचली असेल. पोचून जेवायला बसले असतील. नाही, जेवण एकला असतं. आत्याकडचं घड्याळ मागं असेल. आत्या म्हणाली असेल, पड जरा, मग टाक. मग मीच मला सांगायचो, आबा ऐकायचे नाहीत. सांगितलंय त्येवढं करावं मानसानं. आणि मग तो कारखान्यातला माणूस समोर यायचा, डबा उघडून बसलेला, आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी आबांचा चेहरा यायचा. मी देवाला किती आणि काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

इंदापूरच्या स्टँडवरच्या घड्याळात दोनला पाच मिनिटं होती.

इथून फोन करावा, असं मनात आलं. समोर बूथ दिसत होता. पण बारामतीतला अनुभव ताजा होता. पाच मिनिटं त्या बाईनंच खाल्ली तर? मी थांबलो नाही. कदाचित लागला असता. त्या दिवशी मी जे जे ठरवलं ते ते चुकलं, त्यातलं हे एक. पुढं बावड्यापर्यंतचा रस्ता, तो मला सगळ्यात वाईट आठवतो. तोपर्यंत घाईला अर्थ होता. दोन वाजून गेल्यावर मी कशाकडं जोरात चाललो होतो? झालेलं असणार ते झालेलं होतं. तरी पाय ॲक्सिलेटरवरून निघत नव्हता, आणि एक मन म्हणत होतं की गाडी हळू कर, जेवढा उशीर होईल तेवढं बरं, बघायलाच नको.

आत्याच्या घरापुढं गाडी थांबवली तेव्हा अडीच वाजून गेले होते. अंगणात चिखल झालेला. हौदाजवळ आबा पाटावर बसलेले, उघडे, अंगावर ओला टॉवेल, केसांतून पाणी निथळतंय. काळा चष्मा बाजूला दगडावर. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. उजव्या गालाच्या हाडावर, डोळ्याच्या बोटभर खाली, रुपयाएवढा लालभडक डाग आणि त्याच्या मधोमध कातडी पांढरी पडलेली. आत्या तांब्या घेऊन उभी.

मी फाटकातच उभा राहिलो.

"आलास व्हय?" आत्या म्हणाली. "बघ की तुझ्या बापाला काय झालं. डोळ्यात औषध टाकाय लागला आन् हात हालला. गालावर पडलं. पडल्या पडल्या वराडला. मी तशीच मानगूट धरून हौदात त्वांड घातलं त्येचं. फवारणीचं उडालं की आमी तेच करतो. तवापासनं वततीया पानी. औषध बाद झालंय त्ये, मी म्हनते."

"डोळ्यात गेलं का?" मी विचारलं. "आत्या, डोळ्यात गेलं का थेंब?"

"काय म्हाईत. उघडंना झालाय."

मी चिखलात आबांसमोर बसलो. म्हणालो, "आबा, मी आलोय. डोळा उघडा." त्यांनी मान हलवली, पण पापणी हलेना. मी परत म्हणालो. मग उजवी पापणी थरथरली आणि फट पडली. डोळा लाल होता, पाण्यानं भरलेला. मी बुबुळाकडं बघायला पुढं झुकलो. ते काळं होतं. काळंच होतं.

"काय दिसतंय, आबा?"

"तू दिसतुयास," आबा म्हणाले. "त्वांड काळंठिक्कर पडलंय तुझं."

मी तिथंच रडायला लागलो. आत्याला वाटलं बापाच्या काळजीनं रडतोय, ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तो हात मला सोसवेना. मी सांगून टाकलं. ते औषध नव्हतं, माझं फायबरचं होतं, त्यानं डोळा जातो, मीच माठाखाली ठेवलं होतं. आत्याचा हात थांबला.

"आरं अकलेच्या कांद्या," ती म्हणाली. मग आणखी बरंच म्हणाली. सगळं बरोबर होतं.

आबांचा राग सगळ्या वस्तीला माहीत होता, साधं दार उघडं राहिलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. मी शिव्यांची वाट बघत होतो. ते फक्त एवढंच म्हणाले, "दोरा बांधल्याला दिसला. म्हटलं, पोरानं माझी वायली काढून ठिवलीया, प्रवासाला न्यायला."

यापेक्षा त्यांनी काठी घातली असती तर बरं झालं असतं.

तसंच गाडीत घालून इंदापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी आणखी धुतलं, पिवळ्या रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात तपासलं. ते तपासत होते तोवर मी टेबलाची कड धरून उभा होतो. बुबुळाला काही नाही, म्हणाले. आतले टाकेही ठीक आहेत. हात हलला म्हणून वाचलात, आणि पाणी लगेच मिळालं म्हणून. गालावरचा डाग जाईल हळूहळू. औषध मात्र चुकवू नका, अजून महिनाभर तीन वेळा टाकायचं, नाहीतर डोळा बिघडेल. त्यांनी नवी बाटली लिहून दिली. ती मी आबांच्या समोर दुकानातून घेतली आणि सीलबंद त्यांच्याच हातात दिली. मला वाटलं, सुटलो. परत बावड्याला जाऊन आबांनी आक्काला नीट बघितलं. म्हणाले, "लई म्हातारी झालीस गं." आत्या तेव्हा हसली.

रात्रीचं औषध आत्यानंच टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळचंही तिनंच. मग आम्ही घरी आलो. शेडमध्ये बंपर तसाच पडला होता, रेझिनवर धूळ आणि माश्या चिकटलेल्या. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

दोन वाजले. आबा नेहमीसारखे खाटेवर आडवे झाले, चष्मा काढून उशाशी ठेवला. मी हात साबणानं दोनदा धुतले. आबांना दाखवून कालच्याच नव्या बाटलीचं झाकण काढलं, एक थेंब आधी माझ्या स्वतःच्या डोळ्यात टाकला. "बघा, काय न्हाय," म्हणालो. "व्हय, व्हय," आबा म्हणाले. "टाक तू." मी डोक्याशी बसलो, बाटली उलटी धरली आणि हात पुढं नेला. आबांची पापणी मिटली.

"उघडा, आबा."

"उघडलाय की."

"मिटलाय."

त्यांनी उघडला. मी हात नेला, परत मिटला. तिसऱ्यांदा थेंब पापणीवर पडून कानाकडं ओघळला आणि आबांचं सगळं अंग दचकलं. मग त्यांनी स्वतःच दोन बोटांनी पापण्या फाकून धरल्या. कपाळावर घाम आला होता. बोटांच्या मधूनही डोळा वर फिरून आत जायला बघत होता, नुसतं पांढरं दिसत होतं. एवढ्या वर्षांत मी आबांना कशाला घाबरलेलं बघितलं नव्हतं. चिडलेले खूपदा बघितले होते.

"माझा भरवसा न्हाय का, आबा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आरं, भरवसा हाय रं," आबा काकुळतीला येऊन म्हणाले. "मी कुठं मिटतोय? त्योच मिटतोय."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बाटलीला झाकण लावलं आणि शेजारच्या काकूंना बोलवायला गेलो. त्या पदराला हात पुसत आल्या, आबांच्या डोक्याशी बसल्या. पहिल्याच खेपेला थेंब डोळ्यात पडला. पुढचा महिनाभर तिन्ही वेळेला त्याच टाकत होत्या, आणि मी घरी असलो की त्या येऊन जाईपर्यंत शेडमध्ये थांबायचो.